होनतळीची उंच रुद्रभूमी

होनतळीची रुद्रभूमी, तिथल्या लिंगायतांची दफनभूमी, भोवतालच्या रानांहून मांडीभर उंच आहे. तिच्यावर कोणी भर घातलेली नाही. आजच्या म्हाताऱ्यांना ती लहानपणी गुडघ्याइतकी उंच आठवते. त्यांच्या आजोबांना, म्हणे, ती रानाशी समतल आठवत असे.

इतरत्र श्रावण हिरवा असतो. या तालुक्यात तो काळा असतो.

क्षितिजापासून क्षितिजापर्यंत काळे रान. अनावृत, निस्तृण, कुळवाच्या रेषांनी विंचरलेले, नुकत्याच ओढ्यातून निघालेल्या म्हशीच्या पाठीसारखे तुळतुळीत. मेघ येतात ते घाटमाथ्यावर आपले बहुतेक द्रव्य सांडून, रिकाम्या हातांनी. सावली मुक्तहस्ते देतात, थेंब हात आखडून. एखाद्या दुपारी मात्र त्यांतलाच एक मेघ भान हरपतो, कोसळतो, घटकाभर सगळे रान पाण्याखाली चमकते, आणि पुन्हा ऊन पडते. ओढा तेवढा काळ काळा वाहतो. तो काळा वाहतो हे सर्वांनी पाहिलेले आहे. सर्वांनी पाहिलेल्या गोष्टीकडे कोणी बघत नाही.

खरा पाऊस उशिराचा, परतीच्या वाटेवरचा. त्याच्या भरवशावर हस्त नक्षत्रात ज्वारी पेरायची आणि ती पुढे थंडीच्या दवावर वाढू द्यायची, ही येथली शेकडो वर्षांची रीत. तोवर रान मोकळे ठेवायचे. मोकळे म्हणजे निर्मळ. सर पडली, वाफसा आला, की कुळवाची पाळी, म्हणजे सगळ्या रानातून एक फेरी. पुन्हा सर, पुन्हा पाळी. तणाचे पाते दिसले तर ते शेजाऱ्याला आधी दिसते, आणि शेजारी ते चारचौघांत बोलून दाखवतो. ज्याचे श्रावणातले रान अधिक काळे, तो अधिक चांगला शेतकरी. या तालुक्यात माणसाची परीक्षा पिकावरून होत नाही, कारण पीक पावसाच्या हाती. परीक्षा होते ती रिकाम्या रानावरून.

या काळ्या विस्ताराखाली अग्नी निजला आहे, असे म्हणणे काव्याला शोभले असते. वस्तुतः तो केव्हाच विझला. पृथ्वीच्या भेगांतून शिलारस वाहिला, थरावर थर पसरला, थिजला, तडकला. मग ऊन, पाणी आणि काळ यांनी त्या पाषाणाला कुजवत कुजवत माती केली. त्या मातीखाली, पाण्याबरोबर झिरपून साठलेल्या चुनखडीचा एक फिकट थर आहे, आणि त्याच्याखाली मुरूम, आणि त्याच्याखाली पुन्हा तो निद्रिस्त, निर्विकार पाषाण. बोटभर माती व्हायला कित्येक पिढ्यांची आयुष्ये लागतात. ती जायला किती लागतात, हे येथे कोणी विचारले नव्हते.

इतिहास या मातीवरून चालत गेला. कोण्या विस्मृत राजाच्या गाईंसाठी लढून मेलेल्या वीरांचे दगड वेशीपाशी उभे आहेत. त्यांची तोंडे पावसाने पुसली आहेत. एका बादशहाची छावणी भीमेच्या काठी पडली, तेव्हा हत्तींनी उभी ज्वारी खाल्ली. गोऱ्या साहेबाचे मोजणीदार आले, त्यांनी साखळ्या ओढल्या, रानारानांच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले. दुष्काळ आले, माणसांनी खडी फोडली आणि फोडता फोडता रस्त्याच्या कडेला आडवी झाली. राजे बदलले, सारा बदलला, मापे बदलली. कुळव बदलला नाही. त्याची आडवी पास, ती लोखंडी पट्टी, तशीच मातीच्या त्वचेखालून सरकत राहिली. शांत, सुबक, सतत.

आणि या सर्वांच्या मध्ये, गावाच्या पूर्वेला, उतारावर, रुद्रभूमी.

तिच्यावर गवत आहे. गुडघाभर, पिंगट-हिरवे, कोणीही न कापलेले गवत. त्यात बेलाची दोन झाडे, आणि गवतातून डोके काढून बसलेले समाधींचे चौथरे. येथील लिंगायत आपल्या मृतांना जाळत नाहीत आणि झोपवतही नाहीत. ते त्यांना बसवतात. खड्ड्यात, पद्मासनात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, भोवती विभूती आणि बेलपत्रे भरून, ध्यानस्थ. होनतळीत आणखी एक चाल आहे. प्रेतयात्रेला येणारा प्रत्येक जण आपल्या रानातली मूठभर माती उपरण्याच्या टोकात बांधून आणतो आणि बसलेल्या मृताच्या मांडीवर ठेवतो. माणूस ज्या मातीत राबला तिचा थोडा थोडा अंश त्याच्यासोबत बसतो.

पूर्वेकडच्या कडेला गिरिजेचा चौथरा होता. लहान, वीतभर उंचीचा. पाचवे वर्ष सरता सरता तापाने गेलेल्या मुलीचा. तिला बसवून चार दशके लोटली होती. तिची आई नीलव्वा अजून होती. तिचा बाप शरणप्पा नव्हता; तो भूमीच्या मध्यावर, मोठ्या माणसांच्या रांगेत बसला होता.

आणि कडेच्या खाली, मांडीभर खाली, लागूनच, शरणप्पाचे रान होते.

त्या श्रावणात एक सर अशी कोसळली की कडेचा एक लचका सुटला आणि रानात पसरला. गिरिजेचा चौथरा कलला. त्याचा एक कोपरा हवेत आला. खालून पाहिले तर दगडाचा ओला, कधीही उजेड न पाहिलेला तळ दिसत होता.

गावाने विचार केला. गावाचा विचार दुष्ट नव्हता. पंच चन्नबसप्पा स्वतः कडेपाशी येऊन उकिडवा बसला, मातीवर तळवा ठेवला, हळहळला. पुढच्या पावसात आणखी लचका जाणार. त्याच्या पुढच्या पावसात जे दिसू नये ते दिसणार. भूमी वर वर येते आहे, कडा ढासळत आहेत. तेव्हा कडेच्या समाधी उकरून, जे उरले असेल ते वेचून, मध्यावर पुन्हा बसवावे. येत्या सोमवारी मठाच्या अंगणात बसून ठरवावे.

नीलव्वाने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "बसलीय ती. तिला उठवायचं न्हाई."

"अगं, पडंल ती."

"लहानपणी एकदा जेवता जेवता उठवलं होतं तिला, पाव्हणे आले म्हणून. दिवसभर बोलली न्हाई माझ्याशी." आणि नीलव्वा पदराने डोळे नव्हे, कपाळ पुसत घराकडे वळली.

तिने फोन केला तो आपल्या भाचीला. अन्नपूर्णा, धाकट्या बहिणीची मुलगी, कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवणारी. आईच्या थोरल्या बहिणीला या घरांत दोड्डव्वा म्हणतात, मोठी आई. आणि या मोठ्या आईने लहानपणी अन्नपूर्णेला ज्वारीची कडक भाकरी चुरून भरवली होती. ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आली, खांद्याला पिशवी, पायांत रबरी बूट.

रेवणसिद्ध, नीलव्वाचा मुलगा, गिरिजेमागून जन्मलेला आणि तिला कधीही न पाहिलेला, अंगणात कुळवाची पास घासत होता. त्याने बुटांकडे पाहिले.

"काय अक्का, दोड्डव्वाला बघाय आलीस का मातीला?"

"मातीला. दोड्डव्वा काय, ओरडताना फोनवर पण दिसते."

"बघ बाई, माती आधी बघ," आतून नीलव्वा म्हणाली. "मी पण पुढं त्यातच बसणार हाय. जागा चांगली असली तर सांग."

अन्नपूर्णा हसली. पण तिचे हसू फार काळ टिकणारे नसते. ज्या बाईने आयुष्यभर मातीचे नमुने वाळवले, चाळले, तोलले, तिला प्रत्येक विधानाच्या खाली हात घालून पाहायची सवय लागते. भूमी वर येते. कशी? कोणत्या बलाने?

मठाचे स्वामी, अय्या, म्हणाले, इथे बसलेल्या शरणांचे, शिवभक्तांचे, पुण्य भूमीला उचलते. अन्नपूर्णेने हात जोडले. पुण्य मोजण्याचे साधन तिच्या पिशवीत नव्हते.

शाळेचे मास्तर म्हणाले, काळी माती फुगते, हे तर तुम्हीच शिकवता. ती फुगते खरी. उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल इतक्या भेगा पाडते आणि पावसात पुन्हा त्या मिटवून घेते. पण भूमी फुगते तसे रानही फुगते. दोन्ही एकाच श्वासाने वर येतात, एकाच निःश्वासाने खाली बसतात. दोघांतले अंतर त्याने वाढत नाही.

चन्नबसप्पा म्हणाला, मुठी. पिढ्यान् पिढ्या माणसे मुठीमुठीने माती आणून टाकताहेत. होणारच भूमी उंच. हे उत्तर सुंदर होते, आणि सुंदर उत्तराला सोडणे कठीण जाते. अन्नपूर्णा संध्याकाळभर बेलाखाली बसून त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने मनाशी हिशेब केला. होनतळीचे सारे मृत, त्यांच्यामागून आलेले सारे जिवंत, त्यांच्या साऱ्या मुठी. एवढ्या विस्तारावर पसरल्या तर नखाच्या जाडीचा थर. शिवाय उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे खडक वर आल्यामुळे कधीच कोणाला बसवलेले नव्हते, तिथेही भूमी तेवढीच उंच होती. प्रेमाचे वजन असते. पण मांडीभर नसते.

उतरताना तिचा हात रानाच्या कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडावर टेकला.

मोजणीदारांच्या वेळचा दगड. असा दगड दोन भागांचा घडवतात: वरचा छिन्नीने साफ केलेला, कारण तो दिसायचा असतो; खालचा ओबडधोबड, कारण तो गाडायचा असतो. अन्नपूर्णेची बोटे साफ भागावरून खाली घसरली आणि खडबडीत भागावर अडखळली. खडबडीत भाग हवेत होता. जे गाडले होते ते उघडे पडले होते.

तिने हात काढून घेतला, जणू दगड तापला होता. पण एक दगड म्हणजे पुरावा नव्हे. दगड कोणी उपटून पुन्हा रोवलेला असू शकतो.

शनिवारी गावातले वृद्ध कल्लप्पा वारले. शांतपणे, दुपारच्या झोपेतून न उठता. भूमीच्या मध्यावर खड्डा खोदला गेला. अन्नपूर्णा काठाशी उभी राहिली, डोईवर पदर घेऊन. कोणाला ती शोकमग्न वाटली असेल, आणि ती होतीही, पण तिचे डोळे खड्ड्याच्या भिंतीवर होते. काळे, काळे, दाट, अखंड काळे. खड्डा खणणाऱ्यांच्या कमरेइतका खोल गेला तरी काळे, छातीइतका गेला तरी काळे. मग खांद्याइतक्या खोलीवर पहिला पांढरा खडा, मग दुसरा, मग भिंतीच्या चारी बाजूंना फिरलेली चुनखडीची फिकट, मंद, पहाटेच्या पहिल्या धारेसारखी रेषा.

कल्लप्पांना बसवले. मुठी उघडल्या. काळी माती काळ्या मातीत मिसळली.

रविवारी सकाळी तिने रेवणला रानात खड्डा खणायला लावला. कडेपासून चार पावलांवर, चांगल्या कुळवलेल्या निर्मळ रानात. त्याने नाराजीने फावडे उचलले.

"पाळी घातलेल्या रानात खड्डा. लोक म्हणतील रेवण्या खुळा झाला."

"म्हणू दे. खण."

गुडघ्याच्या जरा वर पांढरे लागले.

रेवण थांबला. त्याने फावड्याच्या टोकाने खडे खरवडले, हातात घेतले, टाकले. त्याने गवंड्याकडून आणलेली पारदर्शक नळी पाण्याने भरली होती, अक्काने सांगितले होते म्हणून. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हते. अन्नपूर्णेने नळीचे एक टोक त्याला रानातल्या पांढऱ्या रेषेशी धरायला लावले. दुसरे टोक घेऊन ती ढासळलेल्या कडेकडे गेली. परवाच्या सरीने तिथे काळजाच्या आतल्या बाजूसारखा ताजा, ओला छेद उघडला होता. ती वाकली, पायथ्याशी हातभर उकरले, आणि तिथेही तीच रेषा निघाली.

पाणी नळीत डोलले, मागेपुढे झाले, स्थिरावले. पाण्याला कोणाची बाजू घेता येत नाही. दोन्ही टोकांना ते रेषेवर थांबले.

खालची पांढरी रेषा अखंड होती. समतल होती. भूमीखाली आणि रानाखाली ती एकच होती, कधीही न उचललेली, कधीही न हललेली. फरक होता तो तिच्यावरच्या काळ्याचा. एका बाजूला ते उभ्या माणसाच्या खांद्याइतके होते; दुसऱ्या बाजूला गुडघ्याच्या जरा वर.

रेवण नळीचे टोक धरून उभा होता. त्याला कोणी समजावून सांगितले नाही. तो कडेकडे बघत होता, जिथे कुळवाच्या शेवटच्या रेषा अगदी पायथ्यापर्यंत, कडेला खेटून, तिचा पाया घासून गेल्या होत्या.

"म्हणजे आप्पानं केलं म्हणतीस?"

"पावसानं केलं. आप्पांनी वाट मोकळी ठेवली. त्यांच्या आप्पांनी ठेवली. सगळ्या तालुक्यानं ठेवली."

"कडेपर्यंत पाळी मीच घालतो. आप्पा घालत होते म्हणून."

"माहीत आहे."

"मग मीच म्हण की."

त्याने नळीतले पाणी ओतून टाकले. ते रानात मुरले नाही. क्षणभर साचले, आणि चिमूटभर माती सोबत घेऊन उताराने निघाले. दोघांनी ते जाताना पाहिले.

दुपारी नीलव्वा ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. अन्नपूर्णा समोर बसली, शेंगा निवडू लागली. ज्या सत्याला सांगणाऱ्याची गरज नसते अशी सत्ये पुस्तकांत असतात. घरांत प्रत्येक सत्याला कोणाच्या तरी तोंडाची गरज लागते.

"सापडलं न्हवं?" नीलव्वा म्हणाली. "तोंडावर लिहिलंय तुझ्या. बोल."

अन्नपूर्णेने सांगितले. रुद्रभूमीवर गवत आहे, म्हणून तिच्यावर पडलेला थेंब गवतावर पडतो. रान उघडे आहे, म्हणून थेंब मातीवर पडतो, मातीला उडवतो, उतार तिला घेऊन जातो. दर सरीला कागदाइतकी. दर पाळीने माती इतकी सैल होते की पुढची सर तिला सहज उचलते. आणि कडेच्या पायथ्याशी जितके जवळ कुळवले, तितकी कड खालून पोकळ झाली.

नीलव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

गिरिजा गेली तेव्हा शरणप्पा रडला नव्हता. गावाने त्याला दगड म्हटले होते. सणाला तो भूमीवर जात नसे. फूल वाहत नसे. तिचे नाव घेत नसे. पण दर सरीनंतर, वाफसा आला की, तो बैल जुंपून प्रथम त्या कडेला जाई. बैलांना हळू चालवी. कुळव कडेला लावून, अगदी लावून, जिथे मुलीच्या पायथ्याशी एखादे पाते उगवले असेल ते मुळासकट काढी. एकदाच, कधीतरी, न विचारता, तो बायकोला म्हणाला होता: तिच्या पायथ्याला काटा नको. नीलव्वाने ते वाक्य चाळीस वर्षे मंगळसूत्रासारखे जपले होते. तेवढेच तिच्याकडे होते.

"त्यो तिला भेटाय जात होता गं," ती म्हणाली.

"हो, दोड्डव्वा."

"आणि जाऊन जाऊन..."

ओट्यावर ऊन सरकत आले, शेंगांच्या ढिगावर चढले, उतरले. अन्नपूर्णेला वाटले आपण हे न सांगता कडेला दगडी भिंत बांधा, इतकेच सांगायला हवे होते. पण भिंतीच्या पायाखालूनही पुढच्या वर्षी पाळी गेली असती, प्रेमाने, नीटनेटकी, आणि भिंत पडली असती. चुकीच्या कारणावर बांधलेली कोणतीही गोष्ट उभी राहत नाही, हे तिला तिच्या शास्त्राने शिकवले होते. ते मोठ्या आईच्या तोंडाकडे पाहत म्हणायला मात्र शिकवले नव्हते.

"आता काय केलं तर राहील ती?" नीलव्वाने विचारले.

"कडेला उतार देऊन दगड लावायचे. खाली रुंद पट्टा गवताचा सोडायचा, मारवेल लावायचं, त्याला कुळव लावायचा नाही. आणि बाकीचं रान पावसात उघडं ठेवायचं नाही. हुलगा, मटकी, काहीही, झाकून ठेवायचं."

"श्रावणात हिरवं रान."

"हो."

"शरणप्पाचं."

नीलव्वाने हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, साल बाजूला ठेवली. मग तिने दुसरी शेंग घेतली.

सोमवारी मठाच्या अंगणात गाव जमले. अय्या चौरंगावर, पंच सतरंजीवर, बायका कडुनिंबाच्या पारापाशी. चन्नबसप्पाने सौम्य आवाजात सुरुवात केली; भूमी वर येत आहे, कडा सुटत आहेत, कोणाचाही अनादर न करता... नीलव्वा उभी राहिली. या अंगणात बायका उभ्या राहून बोलत नसत. तिने पदर कमरेला खोचला, रानात कामाला जाताना खोचतात तसा.

"भूमी वर येत न्हाई," ती म्हणाली. "आमचं रान खाली गेलंय. माझ्या मालकानं नेलं, माझ्या लेकानं नेलं, कुळवून कुळवून. तुमची पण रानं गेल्यात, पण कडेला आमचं हाय, म्हणून आमचं दिसतंय. माझ्या पोरीला उठवू नका. तिचं काय चुकलं न्हाई. आम्ही थांबतो."

रेवण खाली बघत होता. मग त्याने वर बघितले.

"थांबतो म्हणजे काय, नीलव्वा?" चन्नबसप्पाने विचारले. "पावसात रान तसंच सोडणार?"

"हिरवं ठेवणार."

"शरणप्पाचं रान?"

"त्याचंच."

मागून कोणी तरुण हसला. "मग गाढवं सोडू का अव्वा चरायला?"

"सोड की. तू पण ये संगं."

हशा पिकला, आणि त्या हशात ताण थोडा सैल झाला. रेवण उठला. त्याने पांढऱ्या रेषेचे सांगितले, नळीतल्या पाण्याचे सांगितले. अडखळत, शब्द शोधत, पण ज्याने स्वतःच्या हाताने फावडे धरले होते त्याच्या खात्रीने. ज्याला खोटे वाटते त्याने येऊन बघावे, खड्डा अजून उघडा आहे. काही जण तिथूनच उठून गेले, रानात, बघायला. परत आले तेव्हा त्यांतला एकही जण हसत नव्हता. एकाने आपल्या रानातही खणून पाहिले होते.

अय्यांनी निर्णय दिला: जे बसले आहेत ते बसलेले राहतील.

भाद्रपद संपेपर्यंत कडेला दगड रचले गेले. गिरिजेचा चौथरा चौघांनी हातांवर पेलून सरळ केला. खाली खोदले नाही, कोणाला हलवले नाही. नीलव्वा तिथे उभी होती. चौथरा बसला तेव्हा तिने त्याच्यावर तळवा ठेवला, जेवणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा.

पुढच्या वर्षीचा श्रावण आला. काळा. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत काळा. आणि त्या काळ्याच्या मधोमध, रुद्रभूमीच्या पायथ्याशी, एक बेशिस्त, लज्जास्पद, ओलसर हिरवा तुकडा. कडेला मारवेल गुडघ्याशी आलेले. पुढे हुलग्याच्या वेली एकमेकींत गुंतून मातीवर पसरलेल्या, माती कुठेच न दिसेल अशा.

रस्त्यावरून शेजारच्या गावचा गुरुनाथ बैलगाडी हाकत चालला होता. रेवणचा जुना ओळखीचा, जुना स्पर्धक. दोघांची रिकामी रानं लोक शेजारी शेजारी ठेवून तोलत असत. त्याने गाडी थांबवली.

"काय बे रेवण, कुळव मोडला का बैल मेले?"

"दोन्ही ठणठणीत."

"मग हे काय केस वाढवलास रानाचे? आप्पा बघितला असता तर चाबूक घेऊन आला असता."

"आला असता," रेवण म्हणाला. "मी दाखवलं असतं त्याला."

"काय दाखवलं असतंस?"

पश्चिमेकडून सर येत होती. तिची राखाडी, तिरपी भिंत रानारानांवरून सरकत येत होती. दोघे रस्त्याकडेला, गाडीच्या आडोशाला उभे राहिले. पाऊस घटकाभर कोसळला. गुरुनाथाच्या गावाकडच्या उतारावरून काळे पाणी ओढ्याकडे धावले. हुलग्याच्या वेलींखालून निघालेले पाणी हळू आले, पातळ, जवळजवळ नितळ. गुरुनाथ ते पाहत होता की नाही, सांगता येत नाही. तो वर, रुद्रभूमीकडे बघत होता.

"लहानपणापासून बघतोय. एवढी उंच कशी रे तुमची भूमी?"

"उंच न्हाई ती," रेवण म्हणाला. "होती तिथंच हाय. बाकीचं सगळं गेलं."

कारण इतकेच. उतार होता, पाऊस होता, आणि पावसाच्या महिन्यांत रान उघडे होते. रुद्रभूमीवर गवत होते, म्हणून तिथली माती राहिली. रानांवर नव्हते, म्हणून रानांची गेली. भूमी तसूभरही वर चढली नव्हती. तिच्याभोवतीचा तालुका, सरीसरीने, पिढ्यापिढ्यांनी, खाली उतरत होता.